साडेबारा लाखांचा एक गुण

उमरेडच्या खाणीतल्या कोळशाचं वय ढोबळमानाने पंचवीस कोटी वर्षं धरायला हरकत नाही. ज्या थरांत तो सापडतो त्यांना जगभरचे भूशास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात, म्हणजे नाव आपल्याच गोंडांच्या मुलखाचं. हे वय फळ्यावर लिहायचं तर 25 आणि पुढे सात शून्यं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘‘सर, एवढे शून्य कायले लिवाचे?’’

प्रश्न आळसातून आलेला असला तरी रास्त आहे. ती शून्यं काही सांगत नाहीत, एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखी नुसती जागा धरतात. संख्या लिहिण्याची शास्त्रीय पद्धत त्यांना उचलते आणि 2.5 × 10⁸ एवढंच ठेवते.

इथेच पहिली ठेच लागते. शून्यं सात, मग घातांक आठ कसा? कारण दहाच्या घाताआधीची संख्या एकपेक्षा कमी नको आणि दहाच्या आतच हवी. म्हणून दशांशचिन्ह शेवटच्या शून्यापासून थेट 2 आणि 5 च्या मध्ये नेऊन बसवायचं. वाटेत तो 5 सुद्धा ओलांडावा लागतो.

मिरचीच्या बाजारात हे सगळं फळ्याशिवाय चालतं. दीड लाख, अडीच कोटी. पुढे छोटी संख्या, मागे दहाचा घात. मात्र ‘साडेबारा लाख’ म्हटलं की व्यापाऱ्याचा एक गुण गेला, कारण साडेबारा दहाच्या वर. त्याने 1.25 × 10⁶ लिहायला हवं. भास्कराचार्यांनी त्याला वाचवलं असतं. 1150 च्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत, म्हणजे 10¹⁷ पर्यंत, दर पायरीला वेगळं नाव आहे. दहा हजारांचं अयुत, दहा लाखांचं प्रयुत. सव्वा प्रयुत म्हणा, गुण शाबूत! आपण मधल्या पायऱ्या गाळल्या आणि लाख-कोटीवर भागवलं.

अर्थात परार्धही कुठवर पुरणार? एक ग्रॅम कोळसा घ्या. तो निव्वळ कार्बन धरला (आपल्याकडच्या कोळशात राखच फार, पण गणितापुरतं चालेल), तर त्यात सुमारे 5 × 10²² अणू. परार्धाची पाच लाख पट. मोबाइलवर असा गुणाकार केला की मध्येच इंग्रजी ‘ई’ उमटतो आणि पोरं समजतात, फोन बिघडला. तो बिचारा दहाच्या घाताची वर्दी देत असतो.

उलट्या दिशेला मिरचीचं बी. वजन साधारण 5 × 10⁻³ ग्रॅम. वजा चिन्ह दिसलं की पोरांना उधारी आठवते. पण बी शून्याच्या खाली गेलेलं नाही, फक्त एका ग्रॅमपेक्षा बरंच लहान आहे.

सगळ्यात जास्त गुण मात्र तुलनेत जातात. 9 × 10⁵ मोठे की 2 × 10⁶? नऊ बघून निम्मा वर्ग फसतो. हाच प्रश्न बाजारात नऊ लाख आणि वीस लाख असा विचारून बघा. उत्तर क्षणात मिळेल, आणि लगेच पुढचा प्रश्न येईल, ‘‘माल कोणता आहे, भाऊ?’’