आठवड्याभरात एक्सपर्ट

नव्या पेठेत साडीला मॅचिंग परकर शोधायचा तर अर्धा दिवस मोडतो. कापड दुकानाबाहेर आणून उन्हात धरायचं, नाक मुरडायचं, पुढचं दुकान गाठायचं. परकराची ही पारख, आणि चेहऱ्याची विद्या मात्र ब्युटी पार्लरच्या क्लासात सात दिवसांत, सर्टिफिकेटसह!

आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीला वर्ष लागतं. टेक्सासात एस्थेटिशियनच्या, म्हणजे त्वचेची निगा राखणाऱ्या ब्युटिशियनच्या, परवान्यासाठी ७५० तास शिकावं लागतं. आपल्याकडे परवान्याची भानगडच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर पार्लर उघडल्याची नुसती सूचना दिली की झालं. किराणा दुकानालाही तोच नियम. त्वचा काय, तूरडाळ काय!

नवं रसायन आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास वाट पाहायची, हा या धंद्याचा पहिला धडा. पण सातातले दोन दिवस वाट पाहण्यातच गेले, तर गाऊन घालून सर्टिफिकेटसह फोटो कधी काढायचा? मग तो धडा वगळतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना ॲसिडचं पील करून गिऱ्हाईक भर दुपारी स्कूटीवर घरी धाडणं, हे प्रात्यक्षिक मात्र होतं.

शिकणाऱ्या मुलींना हसू नये. पैसे त्यांचेच जातात. ताई, फी भरण्याआधी विचारा: किती चेहऱ्यांवर हात बसवून देणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर सरळ आयटीआयचा अर्ज भरा. दहावी पास असलं की पुरतं.