म्हशीचं तोंड धाकट्याला, कास थोरल्याला

ती. सातवी अनुसूची आजीस,
मुक्काम राज्यघटना.

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आजी, पत्रास कारण लाल कांदा. ८ डिसेंबर २०२३ ला सकाळी आमचा ट्रॅक्टर बाजार समितीच्या रांगेत होता. रात्रीतून दिल्लीत निर्यातबंदी निघाली आणि ती आमच्या आधी लिलावात जाऊन बसली. कालचा भाव मागितला तर व्यापारी हसले. मग लिलावच बंद पडला. लाल कांदा चाळीत टिकत नाही. बंदी उठायची वाट बघत तो बसेल कसा?

घरी येऊन तुझं वाटणीपत्र काढलं. सरकारांचा सातबाराच तू! राज्यसूचीत नोंद १४, शेती. नोंद २८, बाजार. धाकट्याला, म्हणजे राज्याला, भरघोस दिलंस म्हणून ऊर भरून आला. मग थोरल्याच्या यादीतली नोंद ४१ दिसली : परदेशी व्यापार, आयात-निर्यात. म्हणजे पाऊस, करपा, पंचनामा धाकट्याकडं, भाव थोरल्याकडं. म्हैस अशी वाटतात का गं कुणी?

दोघांच्याही दारात जाऊन आलो. इथले साहेब म्हणाले, निर्यात केंद्राची. दिल्लीकडचे म्हणाले, शेती राज्याचा विषय. दोघांनीही शपथ तुझीच घेतली.

समवर्ती सूची म्हणजे तर सामायिक विहीर. पण भांडण झालं तर, कलम २५४ प्रमाणं, बहुतेक वेळा मोटार थोरल्याचीच चालणार. अन्नपदार्थांचा व्यापार १९५४ च्या दुरुस्तीनं याच विहिरीत आला. २०२० चे शेती कायदे तिथूनच निघाले. सेस-अधिभारात धाकट्याला वाटा नाही, राज्यपाल विधेयकं उशाशी घेऊन झोपतात. ते पुढच्या पत्रात.

आज फक्त कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क. डिसेंबरात बंदी, म्हणे ३१ मार्चपर्यंत. ३१ मार्च आला नि गेला, बंदी तिथंच. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला मात्र जहाज मिळालं. आमच्या कांद्याचा रंग चुकला होता का? ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि वर ४० टक्के शुल्क लादून. याला उठवणं म्हणतात? शहरातली भाजी स्वस्त राहावी म्हणून आमच्या घरातली चूल विझवायची, आणि वर तुझ्या यादीकडं बोट दाखवायचं! लाज कशी वाटत नाही?

रागावू नकोस. तुला तरी कोण विचारतं? १९७६ मध्ये, आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीनं शिक्षण, जंगल असे पाच विषय धाकट्याच्या ताटातून उचलून सामायिक केले. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घ्यावा, तसा तुझा घेतला.

पण तुझ्याच कागदात एक ओळ सापडली. नोंद ९७ : जे कुठल्याच यादीत नाही, ते थोरल्याचं. आजी, तिन्ही याद्या दोनदा वाचल्या. कांद्यातला तोटा कुठंच नाही. म्हणजे तो थोरल्याचाच झाला. सोबत हिशोबपट्टी जोडली आहे. तूच नेऊन दे. मला दारातूनच परत धाडतात.

तुझा,
रांगेतला नातू