आळशांना प्राधान्य

कुत्रा पाळायचं ठरलं की माणसं स्वतःबद्दल थापा मारायला लागतात. लेस्टरच्या आमच्या घरात पहिली थाप नवऱ्यानं मारली. कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्थेच्या फॉर्मवर ‘तुमची दिनचर्या’ या रकान्यात त्यानं ‘पहाटे सहाला धावणे’ असं ठोकून दिलं. हा माणूस पहाटे सहाला फार तर कूस बदलतो. पण त्याचाही दोष नाही. व्हिसाचे फॉर्म भरून भरून, रकाना दिसला की आपण किती कामसू आहोत ते लिहून टाकायचं, ही खोड लागलेली. ब्रिटिश नागरिकत्वाच्या परीक्षेत 24 प्रश्न असतात, 18 बरोबर आले की पास. कुत्र्याच्या फॉर्मात अशी सवलत नव्हती.

आम्हाला हवा होता लर्चर. लर्चर ही जात नव्हे, भानगड आहे. एका बाजूला ग्रेहाउंड किंवा व्हिपेट, दुसऱ्या बाजूला कॉली किंवा टेरियर. म्हणजे वेग एकाचा, कावा दुसऱ्याचा. इंग्लंडातल्या चोरट्या शिकाऱ्यांनी जमीनदारांच्या रानातले ससे रातोरात लांबवायला यांना वाढवलं. म्हणून तर हे फारसे भुंकत नाहीत. भुंकणाऱ्याचा मालक तुरुंगात जायचा. केनेल क्लबच्या दफ्तरी यांची जात म्हणून नोंदच नाही. 2004च्या कायद्यानं सशांमागे कुत्रे सोडण्यावर बंदी आली, तरी चोरून चालतंच, आणि पळेनासा झाला की कुत्रा रस्त्यावर. संस्थांत लर्चरांना तोटा नसतो.

मला पिल्लू हवं होतं. 2020पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकत घेता येत नाही. पैदास करणाऱ्याकडे जाऊन आईसकट बघून घ्यायचं, नाहीतर संस्थेतून आणायचं. पण लर्चरची आई बघून फारसा उलगडा होत नाही. पिल्लू गुडघ्याशी थांबणार की डायनिंग टेबलावरचं ताट वाकून न्याहाळणार हे बापावर अवलंबून, आणि बाप सहसा चौकशीला हजर नसतो. मोठा कुत्रा निदान दिसतो तेवढाच राहतो. मी माघार घेतली.

मग संस्थेच्या बाई घर तपासायला आल्या. चहाला नको म्हणून थेट परसात गेल्या, कुंपणाला हात लावला आणि म्हणाल्या, “हे कुंपण नाही, पायरी आहे. सहा फूट करा.” मग फॉर्म काढून नवऱ्याकडे एकवार, विशेषतः पोटाकडे, बघितलं. “पहाटे धावता?”

“तो झोपतो,” मी म्हणाले. “मीही. सुट्टीच्या दिवशी दुपारीसुद्धा.”

बाईंचा चेहरा खुलला. धावणाऱ्यांनी कॉली घ्यावा, म्हणाल्या. लर्चर वाऱ्यासारखा सुटतो खरा, पण थोडाच वेळ. बाकीचा दिवस त्याला मऊ जागा लागते. तुमचा सोफा केवढा आहे?

मॉरिस आला तो असा. त्याची मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा मान खाली घातली की सरळ कानांवरून निसटतो. चार बोटं रुंदीचा खास पट्टा घ्यावा लागला. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत कोट. उताणा झोपतो, चारी पाय हवेत. आणि ओट्यावरचं लोणी! उडी नाही, धडपड नाही. नुसती मान तिरकी करून अख्खी वडी कागदासकट उचलली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. पूर्वजांचं शिक्षण वाया गेलेलं नाही.

जतहून आई आली. मॉरिसचा तिनं दारातच मोरू केला आणि फासळ्या मोजून मला झापलं, “अगं, उपाशी मारतेस का मुक्या जिवाला?” हे बागेतले अनोळखी लोकही सुनावतात, दोन-तीन फासळ्या दिसणं हीच याची तब्येत, हे पटवता पटवता तोंड दुखतं. भजी द्यायची नाहीत कारण कांदा कुत्र्याला विषारी, शिराही नाही कारण त्यात बेदाणे, हे ऐकून आई रुसली. पण मोरू परसात एकदा सुटला आणि ती ओरडली, “अगंबाई, हा तर आपला कारवानी कुत्रा!” तीच खपाटीला गेलेली कंबर, तेच लांबोडं मुस्कट. मुधोळच्या घोरपड्यांनी राजा पाचव्या जॉर्जला असेच कुत्रे भेट दिले होते, ही गोष्ट तिला पाठ. तेव्हा इंग्रजांकडून निदान एक वस्तू आपण परत मिळवली, असा तिनं हिशेब लावला. भेट दिलेलं परत मागत नाहीत, हे मी बोलले नाही.

पावसात मोरू उंबरा ओलांडत नाही. नवरा रेनकोट घालून दारात उभा, मोरू पायपुसण्यावर उभा, दोघंही एकमेकांनी माघार घ्यावी म्हणून थांबलेले. अशाच एका सकाळी बाईंचा ख्यालीखुशालीचा फोन आला.

“काय करतोय?”

“आत्ताच परत झोपला.”

“आणि तुम्ही?”

“त्यानं जागा सोडली तर मीही,” नवरा म्हणाला. आईनं फोन हिसकावला आणि याला एखादी बहीण आहे का, असं तिनं शुद्ध मराठीत विचारलं.