जेरंडची यादी फेका

लोणावळ्यात गाडी बाजूला घेऊन कुणी म्हणालं, ‘चिक्की घ्यायला थांबलो’, तर ते गिऱ्हाईक आलं. तोच माणूस ‘आम्ही चिक्की घेणं थांबवलं’ म्हणाला, तर गिऱ्हाईक गेलं. कामशेतचं दुसरीतलं पोरही या दोन वाक्यांत गफलत करत नाही. मग दहावीत गेल्यावर तेच पोर ‘स्टॉप्ड टू बाय’ आणि ‘स्टॉप्ड बाइंग’ यांत का अडखळतं? कारण फरक त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. त्याच्या हाती फक्त यादी पडते.

या क्रियापदांपुढे जेरंड (‘आयएनजी’चं रूप), त्या क्रियापदांपुढे इन्फिनिटिव्ह (‘टू’चं रूप), पाठ करा. क्लासच्या वह्या आणि गाइडं याच घोकंपट्टीने भरलेली. परीक्षेत जेरंड ओळखला की गुण मिळतात, आणि पुढे मुलाखतीत दुसऱ्या वाक्याला गाडी बंद पडते.

मावळातल्या मुलांना हे परवडणारं नाही. इथलं काम भातशेतीइतकंच आता लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांत आणि तळेगावच्या एमआयडीसीत आहे. हॉटेलच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलीचं उदाहरण घ्या. पाहुण्याचं सामान गेलं. तो म्हणतो, ‘आय फरगॉट टू लॉक द रूम’. म्हणजे कुलूप लावायलाच विसरला, खोली उघडी होती. तो ‘आय रिमेंबर लॉकिंग द रूम’ म्हणाला, तर कुलूप लावल्याचं त्याला आठवतंय, म्हणजे चौकशी वेगळ्याच दिशेने जायला हवी. मॅनेजरला काय कळवायचं, ते या एका रूपावर ठरतं. आणि हा भेद मराठीत आधीच आहे: ‘लावायला’ म्हटलं की काम पुढे असतं, ‘लावल्याचं’ म्हटलं की मागे पडलेलं असतं. बाईंनी फळ्यावर ही दोन रूपं आणि चिक्कीची दोन वाक्यं शेजारी-शेजारी लिहिली तर ‘स्टॉप’, ‘रिमेंबर’, ‘फरगेट’ एका तासात संपतात.

मराठी सगळीकडे तारून नेत नाही, हेही मुलांना स्वच्छ सांगावं. भुशी धरणावर ‘भिजायला मजा येते’, म्हणून मूल ‘एन्जॉय टू’ लिहितं; हवं ‘एन्जॉय गेटिंग वेट’. सरांनी ‘लोकलने जायला सुचवलं’, म्हणून ते ‘सजेस्टेड टू गो’ लिहितं; हवं ‘सजेस्टेड गोइंग’. ‘टू’ बहुधा पुढच्या कामाकडे बोट दाखवतो, म्हणून ‘वाँट’, ‘होप’, ‘प्लॅन’, ‘डिसाइड’ यांच्यापुढे तो येतो. पण ‘सजेस्ट’ पुढच्या कामाचंच बोलतं आणि तरी ‘आयएनजी’ घेतं. ‘बिगिन’, ‘स्टार्ट’ यांना दोन्ही चालतात. अशा ठिकाणी नियम शोधत बसण्यात वेळ जातो. वापर पाहावा.

तो पाहायची सोय जुनी आहे. कोशकार ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत होते. परक्या मुलाला शब्दाच्या अर्थाइतकंच त्याच्यापुढे काय येतं हे लागतं, हे त्यांना वर्गात कळलं होतं. त्यांचा कोश 1942 साली जपानात छापला गेला, 1948 साली ऑक्सफर्डने काढला, आणि त्यात प्रत्येक क्रियापदाचा साचा दिला. आजही त्या कोशात ‘एन्जॉय’ उघडा, ‘डुइंग समथिंग’ तिथेच छापलेलं असतं. आपल्या किती शाळांत मुलं स्वतः तो कोश हाताळतात? कित्येक ठिकाणी तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपात असतो.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. शेजारच्या पिंपरी-चिंचवडच्या या नेत्याने खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाच्या बरोबरीने बसवण्यासाठी तो निर्णय घेतला आणि तो बरोबर होता. दहा वर्षं इंग्रजी शिकूनही मूल ‘इंटरेस्टेड इन जॉइनिंग’ऐवजी ‘आय ॲम इंटरेस्टेड टू जॉइन’ असा अर्ज लिहीत असेल, तर दोष त्या निर्णयाचा नाही आणि मुलाचा तर नाहीच. दोष शिकवण्याचा आहे.

मावळातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या आठवड्यात एक तास यादीविना घ्या. मुलांकडून ‘-यला’ आणि ‘-ल्याचं’ची मराठी वाक्यं काढून घ्या, ती इंग्रजीत फिरवा, आणि जिथे अडेल तिथे कोश मुलाच्या हातात द्या. पान त्यालाच उलटू द्या.