एका रुपयाचं भोक

आमच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला टेकून, सव्वा फूट उंचीचा एक लाकडी देव्हारा आहे आणि त्यात परग्रहावरचे ५५ जीव राहतात. मी बांधायला घेतलं होतं ते खरं तर व्हिडिओ गेमचं यंत्र: एक पडदा, एक दांडी, चार बटणं आणि पोटात तळहाताएवढा संगणक. त्याचा देव्हारा कसा झाला ते पुढे येईलच. विजेशी माझी तोवरची ओळख उडालेल्या फ्यूजमध्ये नवी तार घालण्यापुरती. तीही घालून झाली की मेन स्विच मी लांबून, काठीने वर करत असे.

दोष १९८७ सालचा. मी सातवीत होतो, आणि आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोरच्या एका गाळ्यात, मळकट निळ्या पडद्याआड, तीन यंत्रं येऊन उभी राहिली. एका डावाला एक रुपया. रुपया ही तेव्हा पाहुणे निघताना हातात पडायची चीज; एरवी आईकडे मागितला तर ‘डोळे जातील’ एवढंच पदरात पडे. मग आम्ही मागे उभे राहून बघायचो. खेळणारा डावीकडे वळला की पाठीमागची सात-आठ डोकी वाऱ्यावरच्या ज्वारीसारखी डावीकडे कलत. तो मेला की सगळे मिळून सुस्कारा टाकत, आणि बहुतेकदा खेळणाऱ्यापेक्षा बघणारेच जास्त दमलेले असत. मी स्वतः सगळे मिळून नऊ-दहा डाव खेळलो असेन. बघितले मात्र शेकड्यांनी. आजही त्या खेळांपेक्षा मला पुढच्या मुलाची उसवलेली कॉलर जास्त स्पष्ट आठवते.

तर पन्नाशीला ते यंत्र आपल्या घरी असावं असं वाटलं आणि मी पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. नावावरून तिथे शिंका याव्यात; दिसतात वायरींची भेंडोळी, दिवे आणि नाना तऱ्हेचे खटके. माझी यादी ऐकून दुकानदार काकांनी विचारलं, “मुलाचा प्रोजेक्ट का?” मी हो म्हणालो. मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती बंगळुरूला नोकरी करते. पण लाल बटण हवंय हे स्वतःच्या नावावर सांगायला लागणारं धैर्य मी घरून आणलं नव्हतं. काकांनी कलिंगड वाजवून बघावं तसं बटण कानाशी धरून दाबलं. टिक्. “चांगलंय,” ते म्हणाले. दोघांनाही पटलं.

मग डाख देणं आलं. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते. तापलेलं टोक टेकलं की धुराची एक बारीक रेघ उठते, आणि पहिल्याच रेघेबरोबर मी थेट आमच्या जुन्या घराच्या अंगणात जाऊन पडलो. कल्हईवाला भाता ओढतोय, पातेलं तापलंय, नवसागराची चिमूट पडली की भसकन पांढरा धूर, कथलाचा तुकडा टेकवायचा, कापसाचा बोळा गरकन फिरवायचा, आणि काळं पडलेलं पातेलं चांदीचं. चाळीस वर्षांनी मी करत होतो तेही तेच. धातूवरचा मळ आधी उडवायचा, म्हणजे कथील धरतं. तो नवसागराने उडवी, मी राळेने. फरक हाताचा. त्याचं काम तीन पळांत होई. माझे पहिल्या संध्याकाळचे सहा जोड उंदराच्या लेंड्यांसारखे दिसत होते, आणि त्यांतले चार हात लावताच निघून आले.

खोकं करून दिलं ते मिस्त्रींनी, १२ मिलिमीटरच्या प्लायचं. त्यांचा जन्म स्वयंपाकघरातली कपाटं आणि देव्हारे करण्यात गेलेला. बटणाला ३० मिलिमीटरचं भोक लागतं. त्यांच्याकडे पातं होतं ३५चं, कपाटाच्या बिजागरीची वाटी बसवायचं. “पाच मिलिमीटरनं काय होतंय दादा,” म्हणत त्यांनी भोक पाडलं, मी बटण घातलं, आणि विहिरीत पोहरा सुटावा तसं ते आत गेलं. ठक्. बाकीची भोकं त्यांनी लहान पाडून कानशीने घासत मापाला आणली. पहिलं तसंच राहिलं. त्याची भरपाई म्हणून, मला न विचारता, त्यांनी पडद्यावर एक सुरेख महिरप कोरून बसवली. “नुसती चौकट भुंडी दिसते,” म्हणाले.

सगळं जोडून झालं आणि दांडी डावीकडे ढकलली, तर पडद्यावरची तोफ उजवीकडे निघाली. दोन संध्याकाळी मी संगणकाला दोष दिला. बायकोने “तूच उलटा बस” असा उपाय सुचवला. कारण साधं होतं: दांडी मधोमध अडकवलेली असते, तिचं वरचं टोक डावीकडे गेलं की खालचं उजवीकडे जाऊन तिथला स्विच दाबतं. होडीच्या सुकाणूसारखं. मी मात्र डाव्या स्विचला डावीकडची तार जोडली होती, शाळेत शिकवलेल्या सरळपणाने.

खेळ होता ‘स्पेस इन्व्हेडर्स’, तोमोहिरो निशिकादो या जपानी माणसाने १९७८ साली केलेला. अकरा-अकरांच्या पाच रांगा वरून उतरत येतात, खाली आपली एकटी तोफ. घरच्या यंत्रात नाणं टाकायचं कामही बटणच करतं, दाबावेत तितके डाव. पहिल्या रात्री मी सत्तावीस खेळलो आणि एकदाही घाबरलो नाही. विजेच्या बिलापलीकडे त्यात काही पणाला लागलेलं नव्हतं. मग मी त्या चुकीच्या भोकाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला, नाणं सर्किटवर पडू नये म्हणून, आणि दर डावाला एक रुपया टाकू लागलो. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. माझ्या तळव्यांना मात्र पुन्हा घाम फुटला.

खंडेनवमीला आईने घरातल्या अवजारांबरोबर सोल्डरिंग गनला हळदकुंकू वाहिलं, महिरपीवर झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी मी खेळत होतो आणि ती मागे येऊन उभी राहिली. या खेळात शत्रू मरत जातात तसे उरलेले भराभर चालायला लागतात. जुन्या यंत्राला एका वेळी एकालाच हलवता येई. गर्दी ओसरली की प्रत्येकाची पाळी लवकर येई. निशिकादोंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटचा एकटा उरलेला जीव या टोकापासून त्या टोकापर्यंत धावताना बघून ती म्हणाली, “कमी उरले की किती घाई करतात रे.”

माझा नेम चुकला. तोफ गेली. मी खिसे चाचपले, सुट्टे संपले होते. आईने बटवा उघडून एक रुपया काढला, भोकात टाकला आणि तो डब्यात पडल्याचा आवाज नीट ऐकून घेतला.

“खेळ,” ती म्हणाली. “मी बघते.”