प्रथमदर्शी

पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही नाक्यावर चहाला थांबा, एक तरी प्रथमदर्शी भेटतोच. वय चाळीस ते साठ, बुडाखाली जुनी स्प्लेंडर, खिशात तडा गेलेला मोबाइल आणि त्या मोबाइलात एका झाकलेल्या गाडीचा हललेला फोटो. दिल्ली-मुंबईत जिच्यावरचा पडदा अजून सरकायचा आहे, ती गाडी याची केव्हाच बघून झालेली असते. विकत घेण्याशी त्याचं देणंघेणं नाही. घेणारे काय, पैसे असले की कुणीही घेतो. आधी दिसायला नशीब लागतं!

झाकाझाकीचं त्याला काही वाटत नाही. चाचणीच्या गाडीवर कंपन्या काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांचे स्टिकर चिकटवतात, कडांना खोटे फुगवटे लावतात. बघणाऱ्याला आकार कळू नये हा हेतू. युक्ती जुनीच. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, नॉर्मन विल्किन्सन नावाच्या इंग्रज चित्रकारानं शत्रूच्या पाणबुड्यांना अंदाज येऊ नये म्हणून जहाजांवर असले पट्टे रंगवून घेतले होते. पाणबुड्या किती चकल्या यावर वाद आहेत. पेणचा माणूस मात्र चकत नाही. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्ती टेम्पोत चढताना बघत जो मोठा झाला, ज्याला नुसत्या बाहेरच्या फुगवट्यावरून हा लालबाग आणि हा दगडूशेठ हे सांगता येतं, त्याच्यापुढे स्टिकरची काय कथा? तो थेट दिव्यांकडे बघतो. "आखणी बघा, आखणी. मूर्ती काय न् गाडी काय, सगळं डोळ्यांत असतं."

पेणच्या आणि रोह्याच्या प्रथमदर्शींचं एकमेकांशी पटत नाही. पेणवाल्याचा हक्क वडखळ नाक्यावर. मुंबईहून अलिबागच्या बंगल्यांकडे निघालेली गाडी तिथे उजवीकडे वळते, वळताना हळू होते आणि तेवढ्यात ती बघून घ्यायची असते. मार्च 2020 चा महिना सगळ्या जगाला करोनामुळे आठवतो. याला आठवते ती त्यातली 15 तारीख, कारण त्या दिवशी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि पोर्शे-फेरारी समुद्रातून परस्पर जाऊ लागल्या. "बोटीत घालून गाडी नेतात! मग चाकं कशाला ठेवलीत?" पुढे 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, शिवडीहून 21.8 किलोमीटरचा पूल ओलांडला की माणूस चिर्ल्याला, आणि त्यातल्या थोड्या गाड्या पुन्हा वडखळला दिसू लागल्या. तेव्हा म्हणे त्यानं नाक्यावर पेढे वाटले. मला वाटतं चहा पाजला असावा, तोही उधारीवर.

रोहेकराची सारी मदार कोलाडवर. त्याचा सिद्धांत असा, की पुण्यात बनलेली गाडी ताम्हिणी उतरून सुतारवाडीमार्गे कोलाडलाच येणार. घाट, पाऊस आणि खड्डे एकाच दिवसात दुसरीकडे कुठे मिळायचे? याच सिद्धांताच्या जोरावर त्यानं टाटांची रेसमो बघितली. ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार टाटांनी मार्च 2017 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे प्रकल्पच गुंडाळला. विक्रीला ती कधी आली नाही. तरी यानं ती कुंडलिकेच्या पुलावर बघितलेली आहे, डाव्या आरशावर चरा होता इथपर्यंत नीट. अहो, पण ती आलीच नाही ना, असं कुणी म्हटलं की हा शांतपणे सांगतो, "मी बघितली, म्हणूनच तर लपवली."

ऑगस्ट 2025 मध्ये, गणपतीच्या तोंडावर, कोकण रेल्वेनं कोलाड ते वेर्णा अशी खाजगी गाड्यांसाठी रो-रो सुरू केली. ट्रक तिथून 1999 पासूनच वाघिणीवर बसून जातात. आता मोटारींची पाळी. एका खेपेला 40 गाड्यांची सोय, गाडीमागे भाडं 7,875 रुपये. रोहेकराला झोप येईना. गोव्याला निघालेल्या महागड्या गाड्या आपल्या तालुक्यात रॅम्पवर चढणार, म्हणजे त्यांचं पोटही दिसणार! पेणवाल्यानं जन्मात गाडीचं पोट बघितलेलं नाही. जेवण उरकून तो भर दुपारी कोलाडला जाऊन बसला. प्रतिसाद बेताचा होता आणि आली ती एक एर्टिगा, टपावर मखर बांधलेली. तिलाही त्यानं वाकून खालून बघून घेतलं. सायलेन्सर बदललाय, म्हणाला.

या पंथात एक ज्येष्ठ आहेत, त्यांना पेण आणि रोहा दोन्ही मानतात. त्यांनी सचिनची फेरारी बघितली आहे. तीच, ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 साली शूमाकरच्या हस्ते मिळालेली 360 मॉडेना. एका पहाटे ती वडखळला थांबली होती, काचा वर होत्या.

"काचा वर होत्या, मग सचिन दिसला कसा?"

"सचिन दिसला असं कोण म्हणतोय? गाडी दिसली. सचिन काय, टीव्हीवर दिसतोच."

गाडीशेजारी उभं राहून फोटो काढणाऱ्यांना प्रथमदर्शी हिशेबात धरत नाही. ॲव्हरेज विचारणाऱ्याला तर तो दुसऱ्या बाकावर बसायला लावतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी वडखळच्या पुढे हिरवीगार लॅम्बोर्गिनी टेमेरारियो गतिरोधकापाशी अडली. 6 कोटींची गाडी, इंजिन मिनिटाला 10,000 फेरे घेणारं, आणि पोट जमिनीपासून चार बोटांवर. आपला मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून रुंद होतोच आहे, त्या बाजूला असली गाडी आणणाऱ्याचं धैर्य मानायला हवं. मालक तरुण होता, घामाघूम झाला होता. पेणवाला चहाचा कप ठेवून उठला. "तिरकी घ्या साहेब, तिरकी! आधी डावं चाक. आता थांबा. ए, तू मागून बघ. हां, सोडा हळू." दोघे पुढून, दोघे मागून, मागे एसटीचा हॉर्न, आणि मुंगीच्या पावलानं गाडी पार झाली. कुठे घासली नाही.

मालकानं काच खाली केली. "काका, तुमचे उपकार झाले. बसता का? पोयनाडपर्यंत एक चक्कर मारून आणतो."

"नको," प्रथमदर्शी म्हणाला. "ही एप्रिलमध्येच आली ना आपल्याकडे? जुनी झाली. हिच्यानंतरची कधी येणार, काही कळलंय का?"

मालकाला काहीच माहीत नव्हतं. मग याला त्याच्याशी बोलण्यात रस उरला नाही.