पूर-अण्णा

सांगलीच्या गणपती पेठेत प्रत्येक गल्लीला एक पूर-अण्णा असतात. पाटीवर धंदा हळदीचा, गुळाचा नाहीतर हार्डवेअरचा. पण जून उजाडला की त्यांचा खरा व्यवहार कृष्णेशीच चालतो.

बाकीचं जग पाऊस मिलिमीटरात मोजतं. अण्णा फुटांत मोजतात, तेही आयर्विन पुलाच्या. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. अण्णांना त्यापुढचं ठाऊक असतं: कितव्या फुटाला कुणाची कितवी पायरी जाते, कोयनेचे दरवाजे उचलले की हमालांना कधी बोलवायचं, टेम्पोवाला कोणत्या फुटाला भाडं दुप्पट करतो. घरच्यांची तब्येत ते आठवड्यातून एकदा विचारतील. अलमट्टीचा विसर्ग दिवसातून चारदा.

2005 साली पाणी 54 फुटांच्या घरात गेलं. अण्णांनी दुकानातली मांडणी त्याच्यावर फूटभर चढवली. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेलं. मांडणी पुन्हा चढली. आता गिऱ्हाइकाला माल दाखवायला शिडी लागते. 2021 ला पाणी 55 च्या आसपास थांबलं आणि अण्णा जिंकले. एक पोतं भिजलं नाही. भिजलं ते खालचं: इन्व्हर्टर, त्याच्या बॅटऱ्या, कॅमेऱ्यांचा डबा आणि सगळी उधारी पोटात घेऊन बसलेला कॉम्प्युटर. अण्णांच्या लेखी माल म्हणजे जे पोत्यात मावतं ते.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांत 2005 चं पाणी शिरलं, तेव्हापासून जमिनीखालच्या कशावरही त्यांचा विश्वास उरलेला नाही. नव्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात जनरेटर बसवताना दिसला की ते थांबतात, वाकून बघतात आणि म्हणतात, ‘‘पहिला अंधार ह्यांच्याकडं.’’ मालक हसतो. आणि पहिला अंधार खरोखर तिथंच होतो. अण्णांना वेड्यात काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

‘‘अण्णा, हे सगळं कागदावर लिहून ठेवलंय का?’’

‘‘कागद भिजतो.’’

म्हणून सगळी योजना डोक्यात आणि शटरची किल्ली कनवटीला. मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही, कारण ‘त्याला अजून पाण्याची जाण नाही’. मुलगा चाळिशीचा आहे. एकदा ऐन जुलैत अण्णा नवस फेडायला तिरुपतीला गेले. इकडं पाणी चढू लागलं, हमाल आले, टेम्पो लागला, शटरला कुलूप. मुलानं फोनवर फोन लावले. अण्णा दर्शनाच्या रांगेत होते आणि नियमाप्रमाणे मोबाईल देवस्थानच्या काउंटरवर जमा होता. शेवटी गॅस कटरवाला आला. परतल्यावर अण्णांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘कितव्या फुटाला कापलं?’’

विम्याचं विचारलंत तर पॉलिसी आहे, आगीची. त्यातलं पूर-वादळाचं संरक्षण हप्ता कमी व्हावा म्हणून त्यांनी स्वतः सांगून वगळलंय. ‘‘आगीचं मला काय कळत नाही, ते कंपनीनं बघावं. पाण्याला मी आहे की!’’

इतकं असूनही पुलाखाली 38 झालं की पेठेतला पहिला फोन अण्णांना जातो, पालिकेला नंतर. आणि अण्णा रात्री दोनलाही पहिल्या रिंगला उचलतात.

तुमच्या बाजारपेठेत असे कुणी अण्णा असतील तर त्यांना जपा. फक्त शटरची दुसरी किल्ली मे महिन्यातच मागून घ्या, आणि कॉम्प्युटर शिडीवरून वर चढवा. पोतं तोलण्यापेक्षा ते सोपं आहे.